बुधवारच्या प्रार्थनासभेतील वाचनाबाबत सूचना

मंडळीतील सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या बुधवारच्या प्रार्थनासभेत बायबलच्या जुन्या करारातील ‘विलापगीत’ या पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायाचे वाचन होणार असून, त्यातील सर्व ६६ वचने प्रत्येकाने घरी सलग वाचून यावे. परमेश्वराची दया दररोज सकाळी नवी होते, असे सांगणारी २२ व २३ ही वचने बहुतेकांना पाठ आहेत, परंतु इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास झालेल्या यरुशलेमच्या नाशाचा हा विलाप असून, पहिल्या २० वचनांत देवाविषयीचीच कडवट तक्रार आहे आणि ती गाळून केवळ सांत्वन वाचणे (आपली नेहमीची सवय!) योग्य नव्हे. अशी तक्रार शास्त्रातच असल्याने, आजारपण, कर्ज अथवा वियोग सोसणाऱ्या सभासदांना ‘विश्वास कमी पडला’ असे कोणीही सुनावू नये. अनुपस्थित राहणाऱ्यांनी आपले प्रार्थनाविषय मंगळवारपर्यंत सचिवांकडे द्यावेत.