टूसानची गोल्फ सहल : निघण्याआधी वाचा

मंडळी, शनिवारी टूसानच्या व्हेंटाना कॅन्यन गोल्फ रिसॉर्टला पहिली जोडी सकाळी 8 वाजता खेळायला उतरेल. कॅलिफोर्नियाकरांनो, ॲरिझोनाचं घड्याळ हिवाळ्यात तुमच्या एक तास पुढे असतं. पहाटे हिरवळीवर दव गोठलं तर थांबावं लागेल, स्वेटर आणा.

तिथल्या माउंटन कोर्स या मैदानाचं तिसरं होल (खेळाचा तिसरा टप्पा) टॉम फॅझिओनं आखलेलं, जेमतेम 107 यार्डांचं. पण मध्ये खोल घळ. चेंडू घळीत गेला की गेला, शोधायला उतरू नका. तिथल्या चोया निवडुंगाचे काटेरी गोळे नुसत्या स्पर्शानं चिकटतात. मागच्या खेपेला एकाच्या मोज्यातले काटे उपटण्यात अर्धा तास गेला! हात लावू नका, जाड दातांच्या कंगव्यानं उडवा. कंगवा बॅगेत हवाच.

खोल्या दुपारी चारनंतर मिळतील. कोण कोणाबरोबर राहणार ते बुधवारपर्यंत कळवा.