सिस्टर, तुमचा पाट अजून गाडीतच आहे

सलाम सिस्टर,

तुम्ही नगरला लेकीकडे गेल्यापासून फोनवर धड बोलणंच होत नाही, "जेवलास का, बरं ठेवते" करून दोन मिनिटांत ठेवून देता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, रागावू नका.

चर्चच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदा शुक्रवारी रात्री आलो तेव्हा मला वाटलेलं, खिचडीची पाकिटं वाटायची, एक प्रार्थना करायची आणि शेवटच्या लोकलने घरी. परळला टाटा हॉस्पिटलच्या आजूबाजूला बिहार-बंगालहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं फुटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपतात हे मी कित्येक वर्षं बसच्या खिडकीतून बघत होतो, खाली उतरलो नव्हतो कधी. मग दादरला पुलाखाली आलो तर तुम्ही पाट टाकून बसलेल्या, घरातला जेवायचा लाकडी पाट, आणि एका काकांचा पाय तुमच्या मांडीवर. पट्टी जखमेला चिकटून काळी पडलेली, वास असा की मी दोन पावलं मागे सरलो. तुम्ही बघितलंत, पण बोलला काहीच नाहीत, टॉर्च माझ्या हातात दिलात. "ओढायची नाही कधी. सलाईन सोडत राहायचं, ती आपणहून सुटते." वीस मिनिटं लागली. तेवढ्यात काकांनी वडील गिरणीत होते, 1982 च्या संपात नोकरी गेली इथपासून सगळं सांगून टाकलं, कारण तुम्ही पायाला हात लावायच्या आधी त्यांचं नाव विचारलं होतंत.

आता चर्चमध्ये पवित्र गुरुवारी योहान 13 वाचतात, येशू शिष्यांचे पाय धुतो ते, तेव्हा मला तुमचा तो निळा टबच दिसतो.

आमच्यातले काहीजण आधी प्रार्थना मग जेवण म्हणत होते. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, भुकेल्या माणसाकडून आमेन वदवून घेऊ नका, आधी खाऊ द्या, मग विचारा, हो म्हणाला तर करा. आम्ही अजूनही तसंच करतो.

आणि तो जुलै! हिंदमाताला पाणी भरलं, आम्ही सगळे ताडपत्र्या शोधत होतो आणि तुम्ही एकेकाचे पाय तपासत होतात, कारण पायाला जखम असेल आणि त्या पाण्यातून चालला असेल तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती, 72 तासांच्या आत डॉक्टरला विचारून गोळी घ्यायलाच हवी. अकरा जणांना घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेलात. नंतर एका हॉस्पिटलच्या खिडकीवर आधार कार्ड नाही म्हणून त्याच काकांना परत पाठवत होते, तिथे तुम्ही दोन तास हलला नाहीत, केसपेपर काढूनच उठलात. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच शहरात लाख माणसांमागे एक निवारा हवा असं सांगितलंय, हे पण मला तुमच्याकडूनच कळलं.

खूप खूप आभार सिस्टर. मनापासून.

काकांची जखम भरली, आता स्वतः चप्पल घालून गाडीपर्यंत येतात आणि "बाई कुठायत" विचारतात. ड्रेसिंग आता मी करतो, पाटावर बसूनच. गुडघा बरा झाला की कळवा, दादर स्टेशनवर घ्यायला येतो.