मनगटाबद्दल लिहायचं नव्हतं

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधायला सांगितलाय, हे दादाकडून कळलं. असू दे. त्याविषयी लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

फोनवर तू म्हणालीस, "काही सुचतच नाही, तेच तेच उतरतंय." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तू गोष्टींच्या पुस्तकांची चित्रं काढायला बसायचीस ते आठवतं. आधी गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायची, समासात रेघोट्या मारायच्या. मग इवल्याशा चौकटींत सगळ्या पानांची मांडणी करून बघायची. मग कच्चं रेखाटन, आणि रंग सगळ्यात शेवटी. या खेपेला आलीस तेव्हा त्यातलं सुरुवातीचं काहीच दिसलं नाही. सकाळपासून टॅबलेट, शेजारी इतरांची चित्रं उघडलेली, आणि पेन इतकं घट्ट धरलेलं की बोटांची पेरं पांढरी पडलेली. लांब रेघ खांद्यातून यावी, सगळा भार मनगटावर नको, हे तूच ना धाकटीला शिकवायचीस? मध्येमध्ये उठत तरी जा. बघ, आले परत तिथेच.

मुलांसाठी गोष्टी लिहिणारी आणि त्यांची चित्रं काढणारी ती इंग्रज बाई, बिआट्रिक्स पॉटर, तिने १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पत्र लिहिलं. काय लिहावं कळत नाही, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे त्याचंच पुस्तक झालं. प्रकाशक मिळेना म्हणून १९०१ मध्ये तिने २५० प्रती स्वतःच छापून घेतल्या. सुचत नव्हतं तिलाही. पण घरात ससे पाळून ती वर्षानुवर्षं त्यांना न्याहाळत आली होती, अळंब्यासुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली धरून रंगवायची. मला वाटतं, सुचणं तिथून येतं. दुसऱ्यांची चित्रं बघून हात तयार होत असेल, पण आपलं असं काही त्यातून येत नाही.

फार बोलले का? रागावू नकोस.

आजोबांच्या भिंगातून बघून तू मुंगळ्याचं चित्र काढलं होतंस, ते आठवतं? सहाही पाय मधल्या भागातून निघालेले. "हे कुणी शिकवलं?" असं आजोबांनी विचारलं, तर तू म्हणालीस, "मी बघितलं." शाळेत जायच्या आधीची गोष्ट. आजोबा तो कागद येईल त्याला दाखवायचे. मीही अजून दाखवते.

संधिवाताने बोटं वाकडी झाली तरी तो फ्रेंच चित्रकार रेन्वार रंगवत राहिला, हे तू किती कौतुकाने सांगायचीस! मला ते तेव्हाही ऐकवत नसे. आता तर मुळीच नाही.

प्रकाशकाकडे मुदत वाढवून माग. पट्टा सुटेपर्यंत पेनला हात लावू नकोस, बाहेर जा, नुसतं बघत बस. आणि रात्री बोटं बधिर होतात का, ते मला खरं खरं कळव. दादाकडून नको, तू स्वतः.

तुझी,
आई