गौप्यस्फोटानंतरचे चार भाग

महोदय,

रोजच्या मालिकांत पाणी घालतात, ही तक्रार जुनी आहे. ते पाणी कुठे मुरतं, हे मात्र फारसं बोललं जात नाही. ते मुरतं नेमकं भावनिक प्रसंगांत, म्हणजे ज्यासाठी आम्ही मालिका बघतो तिथेच.

हिशेब साधा आहे. जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो यांना मिळून तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे अर्ध्या तासाला ६. 'मागील भागात', शीर्षकगीत आणि 'पुढील भागात' वगळलं की गोष्टीला जेमतेम २०-२२ मिनिटं उरतात. घरातल्या सहा माणसांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा पाच-पाच सेकंद थांबला, की अर्धं मिनिट गेलं. एका भागात हे चारदा झालं, तर दोन मिनिटं संपली.

हे दिग्दर्शकाच्या हौसेपोटी होत नाही. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. तयार भागांची बँक संपली, की आज चित्रित केलेलं उद्या दाखवावं लागतं. संवाद सकाळी सेटवर येतात, कलाकार ते मेकअप करता करता पाठ करतात. त्यात कुणाचा संध्याकाळी ठाण्यातल्या गडकरी किंवा घाणेकर नाट्यगृहात नाटकाचा प्रयोग असतो, कुणी घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकतं, आणि दिवसाचे दोन सीन राहून जातात. मग कमी पडलेली मिनिटं संकलनात भरून काढतात : तोच चेहरा तीनदा, तोही मंद गतीत, वर पार्श्वसंगीत.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते लपवलेल्या गोष्टीचं. नायिका खरं सांगणार, इतक्यात फोन वाजतो, दारावरची बेल वाजते, कुणाला तरी चक्कर येते. पहिल्यांदा जीव टांगणीला लागतो, चौथ्यांदा प्रेक्षक उठून कुकर लावायला जातो. लेखकांची अडचण समजते. गुपित फुटलं, की गुरुवारी येणारा टीआरपी चढतो, पण पुढच्या आठवड्यासाठी हातात काही नसतं. म्हणून स्फोट लांबवतात, आणि अखेर झाला की दुसऱ्याच दिवशी नवा ट्रॅक सुरू. ज्या माणसाची फसवणूक झाली, तो त्या रात्री झोपला का, सकाळी त्याच घरात चहा कुणी केला, तो त्याने घेतला का, हे बघायचं राहूनच जातं. आम्हाला तेच बघायचं असतं हो!

'आई कुठे काय करते' २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं चालली. नवऱ्याचं प्रकरण कळणं ही अरुंधतीच्या गोष्टीची सुरुवात होती. घटस्फोट, गाणं, स्वतःच्या पायावर उभं राहणं, हे सगळं त्यातून उगवलं. तिथेही कथा पुढे भरकटली, पण पाया पक्का होता. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' तर २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली आणि आजही लोक तिची आठवण काढतात.

आवाजाकडेही लक्ष द्यावं. संध्याकाळी निम्म्या घरांत मालिका पोळ्या लाटता लाटता ऐकली जाते. रडण्याच्या प्रसंगात संगीत इतकं चढवतात की शब्दच कळत नाहीत. हुंदक्याआधी दोन सेकंदांची शांतता त्याहून जास्त काम करते.

वाहिन्यांकडे मागणं एवढंच. मालिका सुरू करतानाच तिचा शेवट लिहून ठेवावा. निदान दहा-बारा भागांची बँक राखावी, आणि ती घटली तर एखाद्या रविवारचा महाएपिसोड रद्द करावा. कोणाला कोणतं गुपित ठाऊक आहे, कोणाचं औषध चालू आहे, घराची कागदपत्रं कोणाकडे आहेत, याची नोंदवही लेखकांच्या टेबलावर असावी. लेखक बदलला की पहिल्यांदा याच गोष्टी हरवतात. आणि गौप्यस्फोटानंतरचे किमान चार भाग त्याच घरात, त्याच माणसांसोबत राहू द्यावेत.

– एक मालिकाप्रेमी, पाचपाखाडी, ठाणे