पिंजऱ्यांआधी कवींची (जाळ्यांच्या जागांची) नोंद करा

महोदय,

समुद्रात पिंजरे टाकून जिताडा, कोबिया वाढवण्याच्या योजनांचे कौतुक हल्ली वारंवार वाचायला मिळते. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत 2020 पासून अशा पिंजऱ्यांना अनुदानही आहे: खर्चाच्या 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. मासळी घटली आहे हे कोळ्यांना कुणी सांगायला नको. पण पिंजरा लावायचा कुठे, आणि त्या जागेवर आज कोण आहे, याबद्दल या कौतुकात एक ओळ नसते.

मुंबईसमोरच्या उघड्या समुद्रात पावसाळ्यात काय टिकते, ते जुलैत एकदा वेसाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. पिंजरा कुठे ओढणार? त्याला बारमाही आडोसा हवा, म्हणजे खाडीचे तोंड किंवा उपसागराची कुशी हवी. नेमक्या त्याच जागी आमच्या होड्या नांगरलेल्या असतात. वेसावे-मढच्या मधल्या खाडीत गाळ इतका साचलाय की भरतीची वाट पाहिल्याशिवाय होडी आत घेता येत नाही. त्यात पिंजऱ्यांचे दोरखंड आले की उरलेली वाटही गेली. शिवाय या खाडीत मालाड-गोरेगावचे सांडपाणी येते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर मोकळा मासा दुसरीकडे निघून जातो. पिंजऱ्यातला कुठे जाईल?

आता डोलीचे, म्हणजे आमच्या जाळ्याचे सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला ती दिसत नाही. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना डोल बांधायची, प्रवाह जाळ्याच्या तोंडात येतो आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत येतात. खुंट ठोकलेल्या जागेला आम्ही कव म्हणतो. कुठली कव कुणाची, हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. (त्यावरून आमच्यातही भांडणे आहेत. सातपाटी विरुद्ध वसई-उत्तन हा कवींचा वाद किती जुना आहे, ते पालघरमध्ये कुणालाही विचारा.) सरकारी नकाशावर मात्र तिथे नुसते निळे पाणी असते. पिंजऱ्यासाठी जागा शोधणारा अधिकारी नकाशा उघडतो आणि त्याला सगळे मोकळेच दिसते.

अमेरिकेतल्या मेन राज्यात फ्रेंचमन बे नावाचा उपसागर आहे. तिथे दोन ठिकाणी मिळून 30 पिंजरे टाकून वर्षाला 30 हजार टन सामन (सॅमन) मासा काढण्याचा प्रस्ताव आला होता. शेवंडी पकडणारे मच्छीमार 2021 च्या ऑगस्टमध्ये बोटींचा ताफा घेऊन विरोधाला उतरले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट होती. प्रत्येकाकडे परवाना, आणि सापळ्याच्या बोयाचा (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा) रंगसुद्धा सरकारदरबारी नोंदलेला. कोण कुठले, हे त्यांना सिद्ध करावे लागले नाही. तरीही 2022 च्या एप्रिलमध्ये अर्ज रद्द झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर: सामनची अंडी जिथून आणायची होती, ती जागा राज्याच्या निकषांत बसली नाही. नोंद असलेल्यांचीही ही गत. आमच्याकडे तर दाखवायला कागदच नाही.

खाद्याचा हिशेबही कुणी मांडत नाही. जिताडा मांसाहारी मासा आहे. त्याला ओली मासळी खाऊ घालून वाढवायचे तर एका किलोमागे चार किलोंच्या वर मासळी सहज लागते. ती येणार कुठून? जी मांदेली, जो जवळा आज वाळवून चाळीतल्या घरात स्वस्तात जातो, त्यातूनच. आमच्या बायका टोपलीत घेऊन बसतात तो माल पिंजऱ्यात जाईल आणि त्यातून निघालेला जिताडा हॉटेलात.

पिंजरा मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत कोकणातल्या खाड्यांमध्ये गावचे गट खेकडे, कालवे, जिताडा वाढवतात. तिथे जागा गावाची आणि पैसाही गावात राहतो. कंपनीने भाडेपट्ट्याने उपसागर अडवणे हा वेगळा मामला आहे. 2005 च्या किनारी मत्स्यशेती कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती होऊन समुद्रातले पिंजरेही त्याच्या कक्षेत आले, तेव्हा असे प्रस्ताव वाढणार हे उघड आहे. कोस्टल रोडच्या वेळी वरळीच्या कोळ्यांना आधी विचारले असते, तर होड्या जाण्यासाठी पुलाच्या दोन खांबांमधले अंतर 60 मीटरवरून 120 करायला आंदोलनाची वेळ आली नसती.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाने मच्छीमार सोसायट्यांना सोबत घेऊन गोराईपासून कुलाब्यापर्यंतच्या कवी आणि होड्यांच्या वाटा आधी नकाशावर आणाव्यात. त्यानंतर पिंजऱ्याचा अर्ज घ्यावा, आणि सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय तो पुढे सरकू नये. सुनावणी ठेवायची तर भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, दुपारी ठेवा. उधाणाला पुरुष समुद्रात असतात आणि सकाळी बायका बाजारात.

आपला,
एक वाचक, वेसावे कोळीवाडा, मुंबई