गंजगोलाईतल्या चाचांना, बारा वर्षं उशिरानं

आदरणीय चाचा,
सलाम.

परवा गंजगोलाईत गेलो तर तुमच्या रिपेअरिंगच्या दुकानाचं शटर खाली. शेजारचा भांडेवाला म्हणाला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, चाचा आता बसत नाहीत. तसाच माघारी आलो. जे तोंडानं सांगायचं राहिलं ते इथं लिहितो, नातवाकडून वाचून घ्या.

२०१३ चा मे महिना. दुष्काळाचं वर्ष, जिकडं तिकडं पाण्याची बोंब, आणि बसस्टँडमागच्या माझ्या गेम पार्लरमध्ये सुट्टीतल्या पोरांची झुंबड. गर्दी वाढली की गल्ला वाढावा, तर तो घटायलेला. फायटिंगच्या मशीनचा बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट, क्रेडिट मोजून ठेवायचा; एक नाणं पडलं की एक क्रेडिट, म्हणजे एक गेम. तो आकडा आणि पेटीतले पैसे, मेळच बसेना. पेटीची किल्ली दोघांकडंच, माझ्याकडं आणि कामावरच्या पोराकडं. शनिवारी त्याचा हिशेब करून त्याला घरी बसवायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. तुमच्याकडं आलो होतो जॉयस्टिकचा स्विच घेऊन. बोलता बोलता सगळं ओकलो.

"लेकरावर आळ घ्यायलास, मशीनला इचारलास का?" तुम्ही सोल्डरिंगवरून मान वर न करता म्हणालात.

संध्याकाळी तुम्ही भंगारातला एक आकडे फिरणारा काउंटर आणून नाण्याच्या वायरीला जोडलात. बोर्डाचा आकडा माझ्याकडून लिहून घेतलात, पेटीला नवं कुलूप लावलंत आणि किल्ली खिशात टाकून गेलात. चार दिवसांनी पेटी उघडली. बोर्ड सांगत होता ३१० क्रेडिट. काउंटर २४२. पेटीत नाणी मोजली, तीही २४२. दोन रुपयाला एक गेम, म्हणजे माझ्या हिशेबानं ६२० यायला पाहिजेत, हातात आले ४२३. आणि या चार दिवसांत पेटीला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही नाणी वेगळी करायला बसलात. त्यातली ६१ नाणी एक रुपयाची निघाली! २०११ मध्ये आलेला दोनचा नवा शिक्का आणि नव्वदीतला स्टीलचा जुना रुपया, दोन्ही २५ मिलिमीटर, दोन्ही ४.८५ ग्रॅम, धातूही तोच. समोरच्या सराफाच्या काट्यावर ठेवून तुम्ही मला दाखवलंत. आमच्या नाणं पारखायच्या यंत्रात नमुना म्हणून नवा दोनचा अडकवलेला. आत पडणारं नाणं त्या नमुन्यासारखं आहे का, एवढंच त्यातली कॉइल बघते. वर काय छापलंय ते तिला कुठलं वाचता येतंय? पोरांना हे आमच्या आधी कळलं होतं. (त्यातलं एखादं आज इंजिनिअर झालं असेल, मला नवल वाटणार नाही.)

राहिली ६८ क्रेडिट, ज्यांचं नाणंच नाही. त्यासाठी तुम्ही माझ्या घरून गॅसचा लायटर मागवलात. बायकोनं विचारलं, दुकानात चहा करायलाव का? तुम्ही लायटरचं तोंड नाण्याच्या फटीजवळ धरलंत आणि दाबलंत. टिक्. क्रेडिट एक. टिक्. दोन. तिसऱ्याला मी खाली स्टुलावर बसलो.

मग तुम्ही समजावलंत. लायटरमधल्या स्फटिकावर घाव बसला की हजारो व्होल्टची ठिणगी पडते, आणि नाण्याच्या यंत्रापासून बोर्डापर्यंत गेलेली ती लांब वायर एरियलसारखी तिला पकडते. खरं नाणं पडलं की साधारण पन्नास मिलिसेकंदाचा इशारा जातो, ठिणगीचा त्याच्या हजाराव्या भागाहूनही बारका. बोर्ड फसतो. काउंटर मात्र फसत नाही, कारण त्यातलं लोखंड ओढायला कॉइलला तेवढा वेळच मिळत नाही. बोर्ड जास्त न् काउंटर कमी तर ठिणगी. काउंटर जास्त न् नाणी कमी तर नाण्याला बांधलेला दोरा किंवा पेटीत घातलेला हात. हे वाक्य मी गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं होतं.

दुरुस्ती तुम्ही फार गाजावाजा न करता केलीत. साध्या वायरीच्या जागी मंडपवाल्याकडची माइकची जाळीवाली वायर, बोर्डाच्या तोंडाशी ठिणगीचा बारका इशारा गिळणारा १०४ नंबरचा कपॅसिटर, आणि नाण्याच्या लोखंडी दाराला अर्थिंग. नाण्यांऐवजी पितळी टोकन आणि यंत्रात त्याचाच नमुना. अर्थिंगवर आपलं थोडं वाजलं होतं, आठवतंय? कोळसा-मीठ घालून खड्डा झाला, पण त्याला ओल लागते, आणि त्या साली प्यायलाच घागर मिळेना. शेवटी बायको भांडी धुतलेलं पाणी बादलीत धरून ठेवायची, ते मी रोज रात्री खड्ड्यात ओतायचो. लोक म्हणायचे, गेमवाल्यानं झाड लावलंय वाटतं.

मजुरी विचारली तर म्हणालात, "आधी त्या पोराचा पगार दे, मग माझं बघू." पगार त्याच दिवशी दिला. तुमचं बघायचं मात्र राहूनच गेलं.

ते पोरगं आता मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतंय. मी त्याला चोर समजलो होतो, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुमच्याकडं ते दोन वर्षं काम शिकायला होतं, तरी तुम्हीही सांगितलं नाहीत. ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण दर दिवाळीला त्याच्या घरून फराळाचा डबा येतो. आता हे पत्र त्याच्याही नजरेला पडेल. पडू द्या. यंदा डबा आला नाही तर का आला नाही, ते मला कळेल.

तुमचा,
बसस्टँडमागचा गेमवाला
लातूर