कार्डाची ‘किमान रक्कम’ महिन्यागणिक घटू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रेडिट कार्डाच्या कर्जाची चर्चा निघाली की ती व्याजदराशी येऊन थांबते. वर्षाला 42 टक्के, 45 टक्के हे आकडे ऐकून धक्का बसतो आणि तो बसायलाच हवा. पण हे कर्ज वर्षानुवर्षे का फिटत नाही, हे समजून घ्यायचे तर स्टेटमेंटवरच्या ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ या ओळीकडे, म्हणजे पूर्ण बिल भरता आले नाही तर निदान भरावीच लागणाऱ्या किमान रकमेकडे, पाहावे लागते. नियमनाची खरी गरज तिथे आहे.

समजा, कार्डावर एक लाख रुपये थकले आहेत आणि नवी खरेदी पूर्ण बंद आहे. महिन्याला 3.75 टक्के हा अनेक कार्डांवर दिसणारा दर धरू. महिन्याचे व्याज झाले 3,750 रुपये. वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर मात्र 18 टक्के लागतो. म्हणजे आणखी 675 रुपये. किमान रक्कम साधारण पाच टक्के असते, तेव्हा ग्राहक 5,000 भरतो. त्यातले 4,425 व्याजात आणि करात जातात, मुद्दलातून वळते होतात फक्त 575 रुपये. पुढच्या महिन्यात बाकी 99,425 आणि किमान रक्कम 4,971. असे एकही हप्ता न चुकवता सलग दहा वर्षे भरत राहिले, तरी शेवटी निम्मे कर्ज, म्हणजे सुमारे 50 हजार रुपये, शिल्लकच राहते. या 120 महिन्यांत खिशातून गेलेले असतात 4 लाख 34 हजार. त्यात व्याज सव्वातीन लाखांच्या वर आणि जीएसटी सुमारे साडेअठ्ठावन्न हजार.

आता यात एकच बदल करून पाहा. दर तोच, कर तोच. फक्त पहिल्या महिन्याचे 5,000 रुपये दर महिन्याला तितकेच भरायचे, स्टेटमेंटवरचा आकडा कितीही खाली आला तरी. एक लाखाचे कर्ज 50 महिन्यांत फिटते आणि एकूण अडीच लाखांच्या आत मिटते. महिन्याला 5,604 रुपये भरले तर बरोबर तीन वर्षांत मोकळे. पहिल्या महिन्याच्या किमान रकमेहून जेमतेम सहाशे रुपये जास्त!

म्हणजे बाकीबरोबर घटत जाणारी किमान रक्कमच कर्जाचे आयुष्य ताणते. ग्राहकाला वाटते, हप्ता कमी झाला, ओझे हलके झाले. प्रत्यक्षात ज्या वेगाने बाकी कमी होते त्याच वेगाने हप्ताही आकसतो आणि मुद्दलाला हात लागतच नाही. ऑटो-डेबिट लावताना ‘टोटल’ऐवजी ‘मिनिमम’ निवडले गेले असेल तर महिनोन्‌महिने हे लक्षातही येत नाही.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले आणि त्यांतले बरेच काही खरोखर चांगले आहे. न मागता कार्ड पाठवायचे नाही. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवायची नाही. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी झाली नाही, तर दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे. व्याज असलेला हप्ता ‘नो-कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी, म्हणून खपवायचा नाही. किमान रक्कम भरूनही मुद्दल वाढत जाईल अशी रचना नको, असेही त्यात आहे. घोडे पेंड खाते ते इथे. एक लाखातले 575 रुपये कमी झाले की या अटीची पूर्तता झाली, कारण मुद्दल वाढले तर नाही! निर्देशात ‘वाढू नये’ आहे, ‘अमुक मुदतीत फिटावे’ असे कुठेही नाही.

किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड महिने-वर्षे लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, अशा अर्थाचा इशारा स्टेटमेंटवर छापावा लागतो. किती महिने, किती रुपये, याचा त्यात पत्ता नसतो. सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखे त्याचे झाले आहे. डोळ्यांखालून जाते, डोक्यात शिरत नाही. अमेरिकेत 2009 च्या कार्ड कायद्याने प्रत्येक स्टेटमेंटवर त्या ग्राहकाच्या बाकीचा हिशेब छापणे बंधनकारक केले: फक्त किमान रक्कम भरली तर किती काळ लागेल व एकूण किती जातील, आणि 36 महिन्यांत मोकळे व्हायचे तर दरमहा किती भरावे. आपल्या बँकांच्या संगणकांना हे गणित करायला क्षणभरही लागणार नाही.

दुसरी गोष्ट बिनव्याजी मुदतीची, म्हणजे खरेदीपासून बिल भरण्याच्या तारखेपर्यंत व्याज न लागणाऱ्या दिवसांची. थोडीशी बाकी राहिली तर व्याज त्या बाकीवरच लागेल, असे बहुतेकांना वाटते. अनेक कार्डांच्या अटी तसे म्हणत नाहीत. उदाहरण घ्या. 5 जूनला 40,000 ची खरेदी, 20 जूनला स्टेटमेंट, 10 जुलै ही भरण्याची तारीख. ग्राहकाने त्या दिवशी 39,000 भरले, हजार राहिले. आता वर्षाला 45 टक्के दराने व्याज लागते ते संपूर्ण 40,000 वर, खरेदीच्या तारखेपासून 10 जुलैपर्यंत, म्हणजे 35 दिवसांचे: 1,726 रुपये. त्यानंतर पुढच्या स्टेटमेंटपर्यंतच्या दहा दिवसांचे उरलेल्या हजारावर 12 रुपये. जीएसटी धरून 2,051. हजार रुपये कमी भरल्याबद्दल दोन हजारांचा भुर्दंड! शिवाय बाकी पूर्ण मिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यापासून भाजी, दूध, रिक्षाभाडेही कार्डावर जाते. बाकी असलेल्या माणसासाठी ती पालेभाजीसुद्धा 45 टक्क्यांच्या कर्जावर घेतलेली असते.

व्याजदराला वेसण घालण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जुलै 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बँकिंग नियमन कायद्याच्या 21अ कलमानुसार व्याज अवाजवी आहे या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला उघडता येत नाही आणि हा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, अशी त्याची दिशा. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही, पण मग जबाबदारी निर्विवादपणे रिझर्व्ह बँकेवर येते. व्याज अवाजवी नसावे, बँकेने स्वतःच्या धोरणात कमाल मर्यादा ठरवावी, एवढे सांगून ती थांबते. स्वतःची मर्यादा स्वतःच आखायची, तर तिला मर्यादा म्हणायचे कशाला?

आपल्याकडे परवानाधारक सावकाराने विनातारण कर्जावर किती व्याज घ्यावे हे राज्य सरकार ठरवते. 2014 च्या सावकारी कायद्यानंतर शेतकऱ्यांसाठी वर्षाला 12 टक्के आणि इतरांसाठी 18 टक्के असे दर ठरले. जुन्या मुंबई प्रांतात चालत आलेला दामदुपटीचा दंडक तर सर्वांना ठाऊक आहे: थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही. बँकांच्या कार्डांना यातले काहीच लागू नाही. सरसकट 18 टक्क्यांची मागणी मी करणार नाही. विनातारण, कागदपत्रांविना मिळणाऱ्या उसनवारीत बुडीत जास्त असते आणि दर फार खाली दाबला तर लहान पगाराचा माणूस मोबाइल ॲपवाल्यांच्या दारात जाऊन उभा राहील. पण व्याजाची एकूण बेरीज मुद्दलाइतकी झाली की तिथून पुढे दर निम्मा व्हावा, असे बंधन घालायला काय हरकत आहे?

ब्रिटनमध्ये याच विचाराचा नियम 2018 पासून आहे. 18 महिन्यांत ग्राहकाने मुद्दलापेक्षा व्याज आणि शुल्कांतच जास्त भरले असेल, तर तो ‘चिवट कर्जात’ आहे असे धरून कंपनीने त्याला स्वतःहून कळवायचे. आणखी 18 महिने हेच चालले, तर वाजवी मुदतीत फिटेल अशी योजना द्यायची आणि तीही झेपत नसेल तर व्याज-शुल्कांत सवलतीचा विचार करायचा. आपल्याकडे बरोबर उलटे होते. जो ग्राहक नियमाने किमान रक्कम भरत राहतो तो बँकेच्या वहीत उत्तम ग्राहक ठरतो, कारण किमान रक्कम 90 दिवस थकल्याशिवाय खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीताकडे झुकलेले (एनपीए), धरले जात नाही. त्याला फोन येतो तो मर्यादा वाढवून घ्या म्हणून.

तेव्हा रिझर्व्ह बँकेने करावे असे सर्वात सोपे काम म्हणजे किमान रकमेची व्याख्या बदलणे. बाकी पुढच्या महिन्यावर गेली की त्या वेळची किमान रक्कम गोठवावी. नवी खरेदी झाली तर ती वाढेल, पण कर्ज फिटेपर्यंत घटणार नाही. यात कुणावरही पहिल्या महिन्यापेक्षा जास्त बोजा पडत नाही, त्यामुळे ‘किमान रक्कम वाढवली तर लोक थकतील’ हा बँकांचा नेहमीचा आक्षेप इथे लागू होत नाही. नव्या कर्जासाठी त्या महिन्याचे व्याज व कर अधिक मुद्दलाचे किमान दोन टक्के अशी रचनाही करता येईल. एक लाखावर ती 6,425 होते आणि ती गोठवली तर कर्ज सुमारे 27 महिन्यांत फिटते. अर्धवट भरणा झाला तर व्याज उरलेल्या रकमेवरच, हे निःसंदिग्ध शब्दांत यावे. आणि 18 ऑगस्ट 2023 चे दंडात्मक शुल्काविषयीचे परिपत्रक, ज्याने कर्जहप्ता चुकल्यावर दंडाचे व्याज लावायला मनाई केली, त्यातून क्रेडिट कार्डे वगळली आहेत. ती सूट काढून टाकावी. जीएसटी परिषदेनेही थकलेल्या बाकीच्या व्याजावरचा कर उठवावा. अडचणीतल्या माणसाच्या व्याजावर कर घेणे मला कुठल्याच दृष्टीने पटत नाही.

हे होईल तेव्हा होईल. ज्यांच्या कार्डावर आज बाकी आहे त्यांनी पहिल्यांदा त्या कार्डावरची खरेदी पूर्ण थांबवावी, यूपीआयमधून ते काढून टाकावे आणि भाजी-किराणा बचत खात्यातून भरावा. आज जी किमान रक्कम आहे तिच्यात जमेल तेवढी भर घालून तोच आकडा दरमहा ठेवावा, ऑटो-डेबिट ‘मिनिमम’वर असेल तर बदलावे. कार्डावरून रोख काढणे टाळावे, कारण त्यावर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत आणि काढण्याचे शुल्क वेगळे. नोकरदारांनी आपल्या पगारदार पतसंस्थेत चौकशी करावी. तिथल्या कर्जाने कार्ड फेडले तर व्याज निम्म्याहून कमी होते. पतसंस्था नसेल तर थकलेल्या रकमेचे मासिक हप्ते पाडून देण्याविषयी बँकेला लेखी विचारावे. दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास काय लागेल, हे तिन्ही लिहून घ्यावेत. वसुलीवाल्याच्या तगाद्याला घाबरून घाईने ‘सेटलमेंट’, म्हणजे थोडी रक्कम भरून तडजोडीने कर्ज मिटवणे, करू नये. तशी नोंद पतअहवालात राहते आणि पुढे घरकर्ज मागताना आडवी येते. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन आले, तर तारीख-वेळ टिपून आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली